मागल्या फळींतला माणूस : पेर मेर्टेसाकर

फुटबॉलच्या सामन्याची हकीकत दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत येते, तेव्हां तींत गोल करणाराचें नांव ठळक असतें. कितव्या मिनिटाला, कोणत्या पायानें, कोणी दिलेल्या चेंडूवर त्यानें गोल केला, हें सारें सविस्तर दिलेलें असतें. ज्यानें नव्वद मिनिटें आपल्या गोलापुढें उभें राहून प्रतिपक्षाची डाळ शिजूं दिली नाहीं, त्याच्याविषयीं एखादी ओळ आली तर आली; आणि ती येते तीहि बहुधा त्याच्या हातून चूक झाली असेल तरच. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाची स्थिति थोडीबहुत अशीच असते. दिवसभर त्यानें अडविलेले चेंडू कोणी मोजीत नाहीं. सुटलेला एक झेल मात्र वर्षानुवर्षें लोकांच्या बोलण्यांत राहतो.

पेर मेर्टेसाकर या जर्मन खेळाडूनें आपली सारी कारकीर्द अशा कामांत घालविली. २००३ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षें, तो बचावाच्या मध्यभागीं उभा राहिला. जर्मनीच्या राष्ट्रीय संघांतून तो १०४ सामने खेळला आणि त्या साऱ्यांत त्याचे स्वतःचे गोल अवघे ४. २०१४ सालीं ब्राझीलमध्यें जर्मनीनें विश्वचषक जिंकला, त्या संघांत तो होता. इंग्लंडमधील आर्सेनल संघांतून त्यानें एफ. ए. चषक तीन वेळां मिळविला. एवढें यश पदरीं असलेल्या या माणसानें खेळ सोडण्याच्या वेळीं जें सांगितलें, तें ऐकून जर्मनींतले लोक चकित झाले. तें सांगणें नीट समजावयाचें तर आधीं त्याचें काम कोणत्या प्रकारचें होतें तें पाहिलें पाहिजे.

मेर्टेसाकरचा जन्म २९ सप्टेंबर १९८४ रोजीं हॅनोव्हर येथें झाला. शहराच्या दक्षिणेस पाटेनझेन म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथल्या क्लबांत तो अगदीं लहानपणीं खेळूं लागला. पुढें अकराव्या वर्षाच्या सुमारास हॅनोव्हर ९६ या मोठ्या क्लबाच्या मुलांच्या संघांत त्याला जागा मिळाली. तेथें तो कांहीं चमकणारा मुलगा नव्हता. त्यांत पंधराव्या-सोळाव्या वर्षीं त्याची उंची इतक्या झपाट्यानें वाढूं लागली कीं, गुडघे दुखूं लागले व बराच काळ खेळ बंद ठेवावा लागला. अखेर ही उंची १ मीटर ९८ सेंटिमीटरवर, म्हणजे साडेसहा फुटांवर जाऊन थांबली. आपल्या आत्मचरित्राला त्यानें पुढें जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘प्रतिभा नसलेला विश्वविजेता’ असा होतो. नांवांत विनोद आहे, तसा प्रांजळपणाहि आहे.

त्या काळीं जर्मनींत तरुणांना कांहीं महिने सैन्यांत काढावे लागत, अथवा त्याऐवजीं नागरी सेवा करावी लागे. मेर्टेसाकरनें दुसरा मार्ग पत्करला व मानसिक रुग्णांची शुश्रूषा होते अशा एका संस्थेंत काम केलें. हें सांगण्याजोगें अशासाठीं कीं, मनाचें दुखणें म्हणजे काय, हें त्यानें वयाच्या विसाव्या वर्षाच्या आगेंमागें जवळून पाहिलें होतें.

आतां त्याच्या कामाकडे वळूं. उंच माणूस बचावाला चांगला, हें कोणीहि सांगेल. हवेंतून आलेला चेंडू डोक्यानें परतवावयास उंची उपयोगी पडते. परंतु उंचीबरोबर एक उणेपणाहि येतो. लांब पायांच्या माणसाला वळावयास वेळ लागतो. मेर्टेसाकर तर मुळांतच मंदगति. त्याला चकवून चपळ फॉरवर्ड एकदां पुढें निसटला कीं, मागून धांवून त्याला गांठणें जवळजवळ अशक्य. मग असा खेळाडू इतकीं वर्षें पहिल्या प्रतीच्या फुटबॉलमध्यें टिकला कसा?

तो टिकला तो अंदाजाच्या बळावर. धांवण्याची शर्यत आपण हरणार हें ठाऊक असल्यामुळें ती शर्यत सुरूच होऊं द्यावयाची नाहीं, हा त्याचा शिरस्ता होता. चेंडू ज्याच्या पायांशीं आहे तो मान कोणीकडे वळवितो, त्याचा पाय कसा उचलला जातो, हें पाहून चेंडू कोठें पडणार याचा हिशेब तो आधींच करी व दोन पावलें अगोदर तेथें जाऊन उभा राही. पाहणाराला वाटे कीं, याला कांहीं करावेंच लागत नाहीं; चेंडू आपण होऊन याच्याकडे येतो. फॉरवर्डच्या पायांवर झेंप घेऊन चेंडू काढून घेण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचित् येई, आणि म्हणूनच त्याच्या हातून फाउलहि थोडे होत. झेंप घेणें हें प्रेक्षकांना आवडतें खरें. पण बचावाच्या शास्त्रांत ती बहुधा अंदाज चुकल्याची कबुली असते.

याच्याच जोडीला ऑफसाइडचा नियम असतो. ज्या क्षणीं चेंडू पुढें मारला जातो त्या क्षणीं, प्रतिपक्षाच्या मैदानांत शिरलेला खेळाडू चेंडूच्याहि पुढें असेल आणि त्याच्या व गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान दोन गडी नसतील, तर तो ऑफसाइड ठरतो. या दोघांपैकीं एक बहुधा गोलरक्षक असतो. म्हणजे खरी मर्यादा मागल्या फळींतला शेवटचा गडी आंखतो. ही फळी चार जणांची असते. चौघेहि एकदम एक पाऊल पुढें सरकले, तर मागें राहिलेला फॉरवर्ड जाळ्यांत सांपडतो. तिघे सरकले आणि एक जागच्या जागीं राहिला, तर तोच फॉरवर्ड मोकळा सुटतो व समोर एकटा गोलरक्षक उरतो. मागल्या फळीच्या मध्यभागीं उभ्या असणारानें हा इशारा द्यावयाचा असतो. एका पावलाचा, अर्ध्या सेकंदाचा हा व्यवहार. आणि तो एका सामन्यांत कितीतरी वेळां करावयाचा. फॉरवर्डनें दहा संधि घालवून अकराव्या वेळीं गोल केला तर तो वीर ठरतो. मध्यभागींच्या बॅकला हें माप लावीत नाहींत. त्याचे दहा निर्णय बरोबर येऊन अकरावा चुकला, तर त्या अकराव्याचेंच नांव होतें.

१ नोव्हेंबर २००३ रोजीं कोलोन संघाविरुद्ध तो हॅनोव्हरकडून बुंडेसलीगेचा पहिला सामना खेळला, तेव्हां त्याला एकोणिसावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें. एक वर्षहि गेलें नाहीं तोंच, ९ ऑक्टोबर २००४ रोजीं तेहरान येथें इराणविरुद्ध त्यानें जर्मनीचा पोषाख अंगावर घातला. त्या सुमारास यूर्गेन क्लिन्समन हा राष्ट्रीय संघाचा शिक्षक झाला होता व तरुण खेळाडूंना पुढें आणीत होता. २००६ चा विश्वचषक जर्मनींतच व्हावयाचा होता. यजमान देशाला आपल्या संघाची काळजी लागलेली. आणि त्या काळजीचें मुख्य कारण म्हणजे बचावाची फळी. १ मार्च २००६ रोजीं फ्लॉरेन्स येथें इटलीनें जर्मनीचा ४–१ असा पराभव केला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं या तरुण फळीला फाडून खाल्लें. मेर्टेसाकर त्या वेळीं एकवीस वर्षांचा होता.

९ जून रोजीं म्युनिक येथें स्पर्धेचा पहिला सामना झाला. जर्मनीनें कोस्टारिकाला ४–२ असें हरविलें. पण वांचोपे या फॉरवर्डनें केलेले दोन्ही गोल जर्मनीची फळी फोडून केलेले होते. मात्र पुढचे तीन सामने, पोलंड, इक्वेडोर व स्वीडन यांच्याविरुद्धचे, जर्मनीनें एकहि गोल होऊं न देतां जिंकले. अर्जेंटिनाला पेनल्टीवर हरविलें. ४ जुलै रोजीं डॉर्टमुंड येथें उपांत्य सामन्यांत पुन्हां इटलीचीच गांठ पडली. एकशेंअठरा मिनिटें गोलाशिवाय गेलीं आणि अगदीं अखेरीस, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, इटलीनें दोन गोल केले. साऱ्या जर्मनीला त्या रात्रीं रडूं कोसळलें. त्या रात्रीं मेर्टेसाकरच्या मनांत काय होतें हें लोकांना बारा वर्षांनंतर कळावयाचें होतें.

त्याच वर्षीं तो व्हेर्डर ब्रेमेन या संघांत गेला व तेथें पांच मोसम राहिला. त्या काळांत ब्रेमेननें २००९ सालीं जर्मन चषक जिंकला. राष्ट्रीय संघांत तर मध्यभागींची जागा त्याचीच झाली. २००८ च्या युरोपीय स्पर्धेंत जर्मनी अंतिम सामन्यापर्यंत गेली, २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत तिसरी आली. हे सामने पाहणारांना तो एक शांत, थंड डोक्याचा, कधीं न रागावणारा माणूस दिसे. वर्तमानपत्रांतहि तो तसाच रंगविला जाई.

१० नोव्हेंबर २००९ रोजीं हॅनोव्हरचा गोलरक्षक रोबेर्ट एन्के यानें आत्महत्या केली. एन्के हा मेर्टेसाकरचा हॅनोव्हरमधला सोबती व जिवलग मित्र. राष्ट्रीय संघांतहि दोघे एकत्र असत. एन्के कित्येक वर्षें नैराश्याच्या विकारानें आजारी होता व उपचार घेत होता, हें त्याच्या पत्नीनें दुसऱ्या दिवशीं जाहीर केलें. हा आजार त्यानें लपविला होता. तो उघड झाला तर आपला खेळ जाईल, अशी धास्ती त्याला होती. बरोबर जेवणाऱ्या, एका गाडींतून प्रवास करणाऱ्या मित्रांना याची गंधवार्ताहि नव्हती. चिलीविरुद्ध ठरलेला जर्मनीचा सामना रद्द झाला. हॅनोव्हरच्या मैदानावर झालेल्या शोकसभेला सुमारें चाळीस हजार लोक जमले. यापुढें खेळाडूंच्या मनाकडे लक्ष द्यावें, दुर्बलतेविषयीं मोकळेपणानें बोलतां यावें, असें त्या वेळीं पुष्कळांनीं सांगितलें. थोड्याच आठवड्यांत सामने पूर्ववत् सुरू झाले, टीकाहि पूर्ववत् सुरू झाली.

२०११ च्या ऑगस्टमध्यें मँचेस्टर युनायटेडनें आर्सेनलचा ८–२ असा धुव्वा उडविला. त्यानंतर तीनच दिवसांनीं, खरेदीविक्रीची मुदत संपतां संपतां, आर्सेन वेंगेर या शिक्षकानें मेर्टेसाकरला लंडनला आणिलें. इंग्लंडचा खेळ जर्मनीहून वेगवान; तेथें हा मंद माणूस काय करणार, असें पुष्कळांना वाटलें, आणि पहिल्या वर्षीं तें कांहीं अंशीं खरेंहि ठरलें. पुढें लोराँ कोसिएल्नी हा चपळ फ्रेंच खेळाडू त्याच्या शेजारीं पक्का झाला आणि जोडी जमली. कोसिएल्नीनें पुढें झेपावून चेंडू हिसकावून घ्यावा व मेर्टेसाकरनें मागें राहून फळी सांभाळावी, अशी कामाची वांटणी होती.

आर्सेनलनें २००५ नंतर एकहि चषक जिंकला नव्हता. २०१४ च्या एप्रिलमध्यें एफ. ए. चषकाच्या उपांत्य सामन्यांत विगन या दुय्यम श्रेणीच्या संघाविरुद्ध मेर्टेसाकरच्या फाउलमुळें पेनल्टी दिली गेली व आर्सेनल मागें पडलें. सामना संपावयास आठ मिनिटें उरलीं असतां त्याच मेर्टेसाकरनें डोक्यानें गोल करून बरोबरी साधली आणि पुढें पेनल्टीवर आर्सेनलनें सामना जिंकला. अंतिम सामन्यांत हल संघानें पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल चढविले असतांहि आर्सेनलनें ३–२ असा विजय मिळविला. पुढच्या वर्षीं ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत चारांपैकीं एक गोल मेर्टेसाकरचा होता.

२०१४ च्याच उन्हाळ्यांत ब्राझीलमध्यें विश्वचषक झाला. पहिल्या चार सामन्यांत तो मागल्या फळींत होता. अल्जीरियाविरुद्धचा चौथा सामना फार जड गेला. जादा वेळांत कसाबसा २–१ असा विजय मिळाला. मैदानाबाहेर येतांच दूरचित्रवाणीच्या बातमीदारानें, खेळ इतका अडखळत कां झाला, असें विचारलें. तेव्हां हा कधीं न रागावणारा माणूस भडकला. शेवटच्या सोळांत काय सोंगाड्यांचे संघ येतात काय, अशा अर्थाचें कांहीं तरी बोलून, आपण आतां तीन दिवस बर्फाच्या टबांत पडून राहणार, असें त्यानें सांगून टाकलें. ही मुलाखत जर्मनींत फार गाजली. लोकांना त्यांत गंमत वाटली. पण त्या उत्तरांत थकवा किती होता हें आज वाचणाराला अधिक जाणवतें.

त्याच्या पुढच्याच सामन्यांत, फ्रान्सविरुद्ध, शिक्षक ल्योव यानें त्याला वगळलें. ज्याच्या नांवावर शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने होते, त्यानें विश्वचषकाचा उपउपांत्य सामना बाकावरून पाहिला. त्यानें कुरकुर केली नाहीं. उलट तरुण जोडीदारांना धीर देत राहिला. उपांत्य सामन्यांत जर्मनीनें ब्राझीलला ७–१ असें हरविलें, तेव्हां तो दुसऱ्या अर्धांत खेळला. १३ जुलै रोजीं अंतिम सामन्यांत ग्योट्झेच्या ११३ व्या मिनिटाच्या गोलानें जर्मनी पुढें होती. अगदीं शेवटच्या मिनिटाला ओझिलच्या जागीं त्याला मैदानावर पाठविलें. अर्जेंटिनाचा शेवटचा हल्ला परतवावयास एक उंच माणूस हवा होता. एका महिन्यांत त्यानें राष्ट्रीय संघांतून निवृत्ति घेतली.

क्लबाचा खेळ आणखी चार वर्षें चालला. जानेवारी २०१६ मध्यें चेल्सीचा दणकट फॉरवर्ड दियेगो कोस्टा त्याला चुकवून पुढें निघाला, मेर्टेसाकरनें मागून त्याला पाडलें आणि अठराव्या मिनिटालाच पंचानें त्याला बाहेर घालविलें. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत सरावाच्या एका सामन्यांत गुडघा दुखावला. तो त्या मोसमाचा कप्तान नेमला गेला होता. पण जवळजवळ सारा मोसम त्याला बाहेरूनच पाहावा लागला. लीगच्या शेवटच्या दिवशीं कोसिएल्नीला बाहेर घालविण्यांत आलें, गॅब्रिएल जायबंदी झाला व मुस्ताफी आधींच आजारी होता. म्हणून २७ मे २०१७ रोजीं चेल्सीविरुद्धच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत, तेरा महिन्यांनंतर प्रथमच, त्याला सुरुवातीपासून उतरावें लागलें. समोर त्या वर्षींचा लीगविजेता संघ आणि तोच कोस्टा. बत्तीस वर्षांचा, दुखऱ्या गुडघ्याचा हा माणूस त्या दिवशीं असा खेळला कीं, त्याच्यावर हंसावयास आलेलेहि टाळ्या वाजवूं लागले. चेंडू जेथें यावयाचा तेथें तो आधींच उभा असे. कोस्टानें एक गोल केला खरा, पण आर्सेनल २–१ असें जिंकलें व चषक कप्तानाच्या हातीं आला. त्याच्या अंदाजाची कला पाहावयाची असेल तर हा एक सामना पुरेसा आहे.

मार्च २०१८ मध्यें, निवृत्तीला दोन-तीन महिने उरले असतां, त्यानें ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकाला मुलाखत दिली. सामना सुरू होण्याच्या कांहीं क्षण आधीं आपल्या पोटांत ढवळून येई, ओकारीची उबळ येई व डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती दाबून धरावी लागे. ती कोणाला दिसूं नये म्हणून आपण मान एका बाजूला वळवीत असूं, असें त्यानें सांगितलें. सामन्याच्या दिवशीं सकाळपासून पोट बिघडलेलें असे. हें एखाद्या मोठ्या सामन्याचें नव्हे. पांचशेंहून अधिक सामन्यांपैकीं प्रत्येकाचें. आणि २००६ च्या त्या रात्रीं, इटलीकडून हरल्यावर, आपल्याला दुःख झालें खरें, पण त्याहून अधिक वाटली ती सुटका, असेंहि तो म्हणाला. सारा देश रडत असतां एकवीस वर्षांच्या त्या मुलाला वाटलें, आतां संपलें. कारकीर्दीच्या अखेरीस तर मैदानावर उतरण्यापेक्षां बाकावर बसणें, किंबहुना प्रेक्षकांत बसणें, बरें वाटूं लागलें होतें. दुखापत झाली कीं विश्रांति घ्यावयास ती एक कायदेशीर सबब मिळे.

त्याच्या धंद्याचें स्वरूप आधीं पाहिलें असल्यास यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. ज्याचें यश न झालेल्या गोष्टींत असतें, त्याला समाधानाचा क्षण फारसा येत नाहीं. फॉरवर्डची भीति गोल होतांच निवते. बॅकची भीति पंचाची शेवटची शिटी होईपर्यंत तशीच राहते. शिवाय मेर्टेसाकरला चूक सुधारून घ्यावयास वेगवान पाय नव्हते. म्हणजे त्याला अंदाजांत चुकतांच येत नव्हतें.

या मुलाखतीवर दोन्ही बाजूंनीं बोललें गेलें. पुष्कळांनीं त्याच्या धैर्याची वाखाणणी केली. जर्मनीचा एके काळचा कप्तान लोथार माटेउस यानें मात्र आक्षेप घेतला. मेर्टेसाकर त्याच वर्षीं आर्सेनलच्या बालविभागाचा प्रमुख होणार होता. ज्याला स्वतःला हें ओझें असह्य झालें तो मुलांना या धंद्यासाठीं कसा तयार करणार, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न अगदींच फोल नाहीं. धंद्यांत दडपण आहे, पैसा अमाप आहे, ज्याला झेपत नाहीं त्यानें येऊं नये, ही विचारसरणी खेळाडूंमध्यें पुष्कळांची आहे. परंतु तिला एन्केच्या मृत्यूचें उत्तर देतां येत नाहीं. ज्याला झेपत नाहीं तो बोलतच नाहीं, ही खरी अडचण आहे. आणि पांचशें सामने खेळून विश्वचषक जिंकणाराला तें झेपलें नाहीं असें म्हणणें हेंहि चमत्कारिकच. ज्या मुलाला सामन्याआधीं मळमळतें, त्याला आपल्यासारखाच एक जण विश्वविजेता झाला हें ठाऊक असणें बरें, कीं असें फक्त आपल्यालाच होतें अशी समजूत बरी?

२०१८ च्या उन्हाळ्यांत मेर्टेसाकरनें लंडनमधील हेल एंड येथील ही शाळा हातीं घेतली व २०२५ पर्यंत चालविली. मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावें यावर त्याचा भर असे, कारण अशा शाळांतून निघालेल्या मुलांपैकीं फारच थोडे व्यावसायिक खेळाडू होतात. त्या काळांत बुकायो साका हा मुलगा तेथून वर आला व इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत गेला. १८ सप्टेंबर २०२२ रोजीं ब्रेंटफर्डच्या मैदानावर, शेवटच्या मिनिटांत, आर्सेनलनें इथन न्वानेरी याला उतरविलें. त्याचें वय त्या दिवशीं १५ वर्षें १८१ दिवस होतें. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें इतका लहान खेळाडू तोंपर्यंत कोणी खेळला नव्हता. सामना आर्सेनलनें ३–० असा जिंकला, आणि तो मुलगा अजून शाळेंत जात होता.